सी विंगचा भाव

१

नईम अत्तार सी विंगच्या मागच्या फरसबंदीवर पडलेला सापडला, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. दसऱ्यापासून एक थेंब पडला नव्हता. त्या दुपारी मात्र परतीचा पाऊस अचानक येऊन नाशिक रोडपासून चेहेडीपर्यंत सगळं झोडपून गेला. देवतरू वसाहतीतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या, मुलांना आत ओढलं, खिडक्या लावल्या. मागच्या बाजूला काय घडलं ते कोणी पाहिलं नाही.

उपनिरीक्षक सायली गायधनी आली तेव्हा गर्दीचं मत बनूनही गेलं होतं. भला माणूस होता, पण डोक्यावर कर्ज होतं, गेला बिचारा. कोणी म्हणत होतं, पाय घसरला. पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. हॉलमध्ये नईमची बॅग नीट भिंतीला टेकवून ठेवली होती. बाल्कनीचा कठडा गुडघ्याच्या थोडा वर, त्यावर ग्रिल बसवलेली नव्हती. नईमच्या अंगाखालची फरशीसुद्धा ओली होती, म्हणजे तो पाऊस सुरू झाल्यानंतर पडला होता. सायलीनं वर पाहिलं. शेजारच्या बाल्कन्यांतून चादरी, शर्ट, परकर लोंबत होते आणि त्यांचं पाणी टपटप खाली गळत होतं.

नईमची बायको बिलकिस शाळेतून परस्पर आली. ती रडली नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून तिनं पाहिलं, पुन्हा नीट पांघरलं आणि सायलीला बाजूला बोलावलं.

"मॅडम, तो स्वतःहून त्या बाल्कनीत गेलाच नसता," ती म्हणाली. "त्याला उंचीची भीती होती. बल्ब बदलायला स्टुलावर चढायचा नाही. आम्ही इथंच ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, तरी आमच्या बाल्कनीतसुद्धा तो कोणाचा तरी हात धरल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही."

"कोणाचा हात?"

"बहुतेक वेळा माझा," बिलकिस म्हणाली. "ज्याच्यावर भरवसा असेल त्याचाच."

२

नईम मूल्यांकनकार होता. बँक घरावर कर्ज देते तेव्हा त्या घराची किंमत किती, हे सांगणारा माणूस. या वेळी त्याच्याकडे आलेलं काम वेगळं होतं. देवतरूमधल्या बहुतेकांची कर्जं एका खासगी गृहवित्त कंपनीची होती. ही कंपनी कर्जं स्वतःकडे ठेवत नसे. गठ्ठा करून एका मोठ्या बँकेला विकायची आणि आलेल्या पैशातून पुन्हा नवी कर्जं द्यायची. पुढचा गठ्ठा घेण्याआधी बँकेला देवतरूचा भाव पुन्हा तपासून हवा होता. आपण तिथंच राहतो, हे नईमनं बँकेला कळवलं होतं. पण दिवाळीच्या आत दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून काम त्याच्याकडेच राहिलं.

बिलकिसनं हे सगळं सावकाश सांगितलं. मागच्या चार-पाच वर्षांत देवतरूचा भाव दुपटीच्या वर गेला होता. त्याला आधार होता तो सी विंगचा. तिथले सगळे फ्लॅट चढ्या किमतीला विकले गेल्याची नोंद होती, आणि त्या किमती पाहून आजूबाजूच्या प्रत्येक घराची किंमत ठरत होती.

"सकाळी निघताना म्हणाला, कागद बघून झाले, आता दारं वाजवून येतो. शेवटचं दार वाजवल्याशिवाय तो कधीच भाव ठरवायचा नाही. काय वाटतंय, असं मी विचारलं. म्हणाला, अजून काहीच वाटत नाही."

भाव खाली आला असता तर कोणाचं नुकसान होतं, असं सायलीनं विचारलं. बिलकिसनं समोरच्या इमारतीकडे पाहिलं.

"सगळ्यांचंच," ती म्हणाली. "आमचंसुद्धा."

३

देवतरू बांधणारा दीपक घुमरे शांत आणि गोड बोलणारा माणूस होता. नईमच्या जाण्यानं आपल्याला फार वाईट वाटलं, सी विंग पूर्ण विकली गेली आहे, नईम पडला तो फ्लॅट तेवढा मालक परगावी असल्यामुळे बंद असतो, असं त्यानं सांगितलं. त्या फ्लॅटची किल्ली नईमला त्याच्याच ऑफिसातून दिली होती. तो स्वतः दिवसभर सिन्नरला जमिनीच्या व्यवहारात बसला होता, आणि त्याला चार माणसं साक्षीला होती.

गृहवित्त कंपनीच्या शाखेचा प्रमुख अरसलान पठाण तिशीचा होता आणि झोप न झालेल्या माणसासारखा दिसत होता. आदल्या आठवड्यात त्याचं आणि नईमचं शाखेत मोठ्या आवाजात भांडण झालं होतं. ते त्यानं नाकारलं नाही. घटनेच्या वेळी तो मुंबईहून आलेल्या साहेबांसमोर बसून महिन्याचं उद्दिष्ट का चुकलं ते सांगत होता. त्या खोलीतून तो संध्याकाळपर्यंत हलला नव्हता.

सायलीनं त्याला भांडणाऐवजी धंद्याबद्दल विचारलं, तेव्हा तो मोकळा झाला. समजा तुमचं घर तीस लाखांचं आहे आणि वीस लाख कर्ज आहे, तो सांगू लागला. शेजारचं घर साठला विकलं गेलं, की तुमचंही साठचं झालं. मग आम्ही तुम्हाला आणखी पंधरा लाख देतो. तुम्ही त्यातून स्वयंपाकघर नवं करता, गाडी घेता, मुलाला क्लास लावता. सुताराला काम मिळतं, टाइल्सवाल्याला मिळतं, क्लासवाला नवी जागा घेतो. त्या सगळ्यांची कमाई वाढते, मग तेही घर घ्यायला आमच्याकडेच येतात, आणि भाव आणखी चढतो.

"मॅडम, या रस्त्यावरची अर्धी दुकानं त्या भावावर उभी आहेत," तो म्हणाला. "घर कोणीच विकलं नाही, पण प्रत्येकाला वाटलं आपण श्रीमंत झालो."

"आणि पहिलं घर खरंच साठला विकलं गेलं होतं का?"

 कर्ज पुढं विकलं जातं, त्यामुळे इतक्या खोलात शिरायची आमच्यावर वेळ येत नाही, असं काहीतरी अरसलान पुटपुटला.

"सी विंगमध्ये राहणारं एक तरी माणूस तुम्ही पाहिलंय?"

"बाल्कनीत कपडे वाळत असतात की, मॅडम," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्यानं मान वर केली नाही.

४

घटनेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सायली पुन्हा देवतरूला गेली. कपडे पहिल्या दिवशी होते तसेच होते. पावसात भिजलेले, कुबट वास मारणारे, एकाही घरातून कोणी ते काढायला आलं नव्हतं. तिनं एकेक दार वाजवलं. कुठूनच उत्तर आलं नाही. कुलपं उघडून घेतल्यावर आतली घरं सगळी सारखीच निघाली. धूळ, रिकाम्या भिंती, नळाला पाणी नाही. समोरून दिसणाऱ्या बाल्कन्यांना तेवढा रंग आणि ग्रिल. मागच्या बाजूला तेही नाही.

एका शर्टाच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे दोन टाके होते. चादरीच्या कोपऱ्यातही तेच. वसाहतीच्या फाटकाजवळच्या लाँड्रीवाल्यानं पाहताक्षणी सांगितलं, ही गांगुर्डे काकांच्या घराची खूण.

सहादू गांगुर्डे सोसायटीचे सचिव होते. साठी ओलांडलेले, मूळचे इगतपुरीकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. सायलीनं शर्ट टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

घुमरेनं विनंती केली होती, ते म्हणाले. सी विंगचे फ्लॅट त्यानं आपल्याच नातेवाइकांच्या आणि ड्रायव्हरच्या नावानं, त्याच कंपनीचं कर्ज काढून चढ्या भावानं घेतले होते. इमारत रिकामी दिसू नये म्हणून गांगुर्डे काका जुने कपडे नेऊन बाल्कन्यांत वाळत घालायचे, दोन-तीन दिवसांनी बदलायचे, संध्याकाळी एखादा दिवा लावायचे. पाऊस आला की पळत जाऊन काढायचे.

"मी एक पैसा घेतला नाय, बाई," ते म्हणाले. "घरावर मी पण जास्तीचं कर्ज काढलंय, पोरीच्या लग्नाला. भाव टिकला तर सगळ्यांचंच भलं हाय, असं वाटलं. त्यात कोणाचं नुकसान होतं?"

"मग परवा कपडे का काढले नाहीत?"

"मी इथं होतोच कुठं? पोरीकडं इगतपुरीला होतो. जावयाच्या घरी वास्तुशांत होती. काल दुपारी आलो तर तुमची माणसं फाटकाशी उभी."

इगतपुरीच्या पन्नास पाहुण्यांनी त्यांना त्या दुपारी पंगतीत वाढताना पाहिलं होतं.

सायली बाहेर आली. कारण सापडलं होतं. नईमनं ती रिकामी घरं पाहिली आणि भाव कोसळणार हे त्याला कळलं. पण ज्यांना ते लपवायचं होतं, ते तिघंही त्या वेळी देवतरूपासून लांब होते. आणि त्या तिघांपैकी कोणाचाही हात नईमनं धरला नसता.

५

देवतरूच्या फाटकासमोर हबीबचं दुकान होतं. स्वयंपाकघरातली कपाटं, टीव्हीची युनिट, बेड. हबीब आणि नईम एकाच गल्लीत वाढले, एकाच शाळेत शिकले. नईमच्या मयतीची सगळी धावपळ हबीबनंच केली होती. दुकानामागच्या कारखान्यात हरसूलकडची बरीच पोरं कामाला होती, पण सायली गेली तेव्हा यंत्रं बंद होती.

हबीब बराच वेळ नईमबद्दल बोलत राहिला. लहानपणी झाडावर चढायचं म्हटलं की नईम खाली उभा राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायचा.  शेवटची भेट कधी झाली, असं सायलीनं विचारलं. आदल्या संध्याकाळी मशिदीतून निघताना, तो म्हणाला. त्यानंतर थेट ती बातमी. त्या दिवशी तो दुकानातच होता. मात्र पोरं जेवायला गेली होती, त्यामुळे साक्षीला कोणी नव्हतं, हेही त्यानं आपणहून सांगितलं.

धंदा कसा आहे, असं तिनं सहज विचारलं. चांगला आहे, तो म्हणाला. दिवाळीच्या आधी सगळ्यांना नवं स्वयंपाकघर हवं असतं. त्यानंही घर तारण ठेवून नवं कटिंगचं यंत्र घेतलं होतं.

"नईमला सी विंगबद्दल संशय होता का?"

"संशय कसला, मॅडम, त्याला कळलंच होतं," हबीब म्हणाला. "त्याची नजर फार बारीक. एवढा पाऊस आला तरी एका घरातून कोणी कपडे काढायला बाहेर येत नाही, एवढ्यावरून त्यानं ओळखलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं."

सायलीनं मान डोलावली, त्यानं मागवलेला चहा संपवला आणि त्याचा निरोप घेतला. जीपचं दार उघडता उघडता तिचा हात थांबला.  मग दार लावून पुन्हा दुकानाकडे वळली.

६

हबीब अजून त्याच खुर्चीत होता. सायली समोर बसली.

"दसऱ्यापासून पाऊस नव्हता," ती म्हणाली. "आला तो थेट त्याच दुपारी. तो सुरू झाला तेव्हा नईम जिवंत होता आणि थांबला तेव्हा मेलेला होता. पावसात कपडे भिजताना त्यानं पाहिले असतील, तर ते फक्त त्या मधल्या वेळात. ते पाहून त्याला काय कळलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमची शेवटची भेट तर आदल्या संध्याकाळची."



गांगुर्डे काकांकडून कपड्यांची युक्ती ऐकली असेल, असं तुम्ही म्हणाल, ती पुढे म्हणाली. पण पाऊस आला की ते कपडे काढायचे. भिजलेले राहिले ते त्या एकाच दिवशी. आणि नईमच्या मनात काय आलं, हे तर गांगुर्डेंनाही माहीत असायचं कारण नाही. ते त्यानं ज्याला बोलून दाखवलं, तोच सांगू शकतो. शिवाय तो बाल्कनीत गेला, म्हणजे त्याच्यासोबत भरवशाचं माणूस होतं.

कारखान्याच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. मग हबीब बोलू लागला. समोरच्या भिंतीला सांगावं तसं.

नईमला सी विंगकडे जाताना पाहून तो मागोमाग गेला होता. सोबत मिळाली म्हणून नईमला बरं वाटलं. मग पाऊस आला. खिडकीतून शेजारची चादर भिजताना दिसली, कोणी काढायला येईना. सगळ्या बाल्कन्या एकदम पाहायला मिळाव्यात म्हणून नईमनं हबीबचा हात मागितला आणि दोघं बाहेर गेले.

"तो म्हणाला, हबीब, इथं कोणीच राहत नाही. हा भाव खोटाच आहे. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब. ऑर्डरी निघू दे, पोरांचे पगार होऊ दे. तो म्हणाला, थांबलो तर बँक हा गठ्ठा घेईल आणि आणखी शंभर माणसं या भावानं घरं घेतील. मी पुष्कळ विनवलं. मग त्याला चक्कर यायला लागली. म्हणाला, आत चल. माझा हात घट्ट धरला त्यानं."

त्यानं आपल्या तळव्याकडे पाहिलं. 

"मी हात झटकला. ढकललं नाही, असं मी स्वतःला सांगतोय. पण तो कुठं उभा आहे, ते मला दिसत होतं."

७

हबीबला अटक झाली त्या संध्याकाळी सोसायटीतली माणसं ठाण्यात आली. दोन डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, किराणा दुकानदार, सगळी सभ्य माणसं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गुन्हेगार सापडला, कबूलही झाला. दोन मित्रांचं भांडण झालं, एवढं लिहिलं तरी त्याला शिक्षा होईलच. सी विंगचा उल्लेख कशाला? सायलीच्या वरिष्ठांनाही ते फारसं वावगं वाटलं नाही. कशासाठी शेकडो कुटुंबं रस्त्यावर आणायची, असं ते म्हणाले. पण तसा हुकूम त्यांनी दिला नाही.

ती बिलकिसकडे गेली. खरं कारण लिहिलं तर बिलकिसच्याही घराची किंमत अर्ध्यावर येणार होती, आणि हप्ता आता एकट्या पगारातून जाणार होता.

"तुम्ही नको म्हणालात तर मी समजू शकते," सायली म्हणाली.

बिलकिसनं विचार करायला वेळ घेतला नाही. "त्याचं काम अर्धवट राहिलंय," ती म्हणाली. "ते तुम्ही पूर्ण करा."

सायलीनं सगळं लिहिलं.

पुढचे महिने तिला वाटलं होतं त्याहून वाईट गेले. घुमरे आणि अरसलान आत गेले, तेवढ्यावर भागलं नाही. बँकेनं गठ्ठा नाकारला, गृहवित्त कंपनीकडे पैसे उरले नाहीत, तिनं जिल्हाभर कर्ज देणं बंद केलं. दुसऱ्या बँकांनी सिन्नर रस्त्यावरच्या सगळ्याच घरांचे भाव खाली धरले. ज्यांनी देवतरूचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या मंजूर झालेल्या रकमा कापल्या गेल्या. दिलेल्या ऑर्डरी लोकांनी मागे घेतल्या. हबीबचा कारखाना बंद झाला आणि हरसूलची पोरं गावी परतली. टाइल्सच्या दुकानाचं शटर खाली आलं, मग क्लासचं. हप्ता चुकू नये म्हणून घराघरांतून दूध कमी झालं, शिकवणी बंद झाली, कामवाली बाई बंद झाली. त्या बाईचं स्वतःचं गंगापूर रस्त्याकडचं लहानसं घर होतं, तिचा हप्ता चुकला. सायली रोज त्या रस्त्यानं जायची. आपण हे केलं, असं तिला वाटायचं. मग आठवायचं की आपण फक्त लिहिलं. तरी पहिलं वाटणं जायचं नाही.

वसाहतीत बिलकिसशी कोणी बोलत नव्हतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिनं घर विकायला काढलं. येईल त्या किमतीत कर्ज पूर्ण फिटणार नव्हतं. उरलेलं ती पगारातून फेडणार होती. एका रविवारी सायली तिला भेटायला गेली, तेव्हा एक तरुण जोडपं घर पाहायला आलेलं होतं. तो रेल्वेत सिग्नलच्या कामाला, ती दवाखान्यात नर्स. लग्नापासून दोघं भाड्याच्या एका खोलीत राहत होते. तीन वर्षांपूर्वी याच वसाहतीत चौकशी करून, भाव ऐकून परत गेले होते.

बिलकिसनं त्यांना घर दाखवलं. मग बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. सी विंग, कपडे, नईम, हबीब. भाव आणखी खाली येऊ शकतो, हेही सांगितलं. घाई करू नका, ती म्हणाली. दोघं ऐकत राहिले. नवऱ्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. विचार करून कळवतो, असं म्हणून ते उठले, आणि जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज खाली गेला.

"आता येणार नाहीत," सायली म्हणाली.

बिलकिस चहाचे कप उचलत होती. "नाही आले तर नाही," ती म्हणाली. "पण कळायला हवं."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. ती नर्स एकटीच वर आली होती. पायऱ्या चढून तिला थोडा दम लागला होता.

"एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "मे महिन्यात इथं पाणी किती वेळ येतं?"

बिलकिसनं कप खाली ठेवले आणि तिला स्वयंपाकघरातल्या नळापाशी घेऊन गेली.